गजावरची खूण

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली
ॲलेगेनीच्या वळणांवरून, चाकांना साखळ्या घालून.
आता गॅरेजात शेगडी, शिकंजा, बारा कानशी
आणि भिंतीला टेकलेल्या दुसऱ्यांच्या बंदुका.
ठासणीच्या. तोंडातून भरायच्या.
दीर म्हणतो, व्हर्ना, या वयात बायका रजया शिवतात.
मी म्हणते, शिवते ना. थंडीत.

ऑक्टोबरात किसमोर आला,
गोठ्याच्या आढ्यात सापडलेली एक पोत्यात गुंडाळून.
दस्ता पट्टेरी मेपलचा, मनगटाशी तडकलेला,
तडकेवर कुणीतरी तांब्याची तार आवळलेली,
इतकी नेटकी, की ती तशीच ठेवायची
हे मी त्याला विचारायच्या आधीच ठरवलं.
"शेकोटीवर टांगायचीय," तो म्हणाला. "चमकव जरा."

चमकवत नाही मी.
गंज दोन जातींचा : एक खातो, एक पांघरतो.
पांघरलेला खरवडून काढला
की लोखंड उभं राहतं
पहिल्या दिवशी बसच्या पायरीवर उभ्या पोरासारखं.

पण त्याआधी नेहमीचं काम.
हिकरीचा गज नळीत सोडला,
तोंडाशी पेन्सिलीनं रेघ मारली,
मग काढून नळीच्या अंगाला लावून धरला.
टोक कानापाशी यायला हवं.
आलं नाही.
चार बोटं अलीकडेच थांबलं.

मी रेडिओ बंद केला.
का, कोण जाणे. बंदुकीला थोडंच ऐकू येतं,
कान असला तरी.
नळीचं तोंड हळूच दगडी भिंतीकडे वळवलं
आणि सिगारेट शिलगावणाऱ्या किसमोरला म्हणाले,
"बाहेर. हिच्या पोटात बार आहे."
तो हसला. "दीडशे वर्षांचा?"
"दारूला वय कळत नाही," मी म्हणाले. "बाहेर."

कानातून पाणी, तोंडातून तेल. थेंब थेंब, तीन रात्री.
चौथ्या दिवशी गजाला मळसूत्र लावून शिशात फिरवलं,
नळीसमोर न येता
(सांगते, कारण माणसं येतात),
आणि ओढलं. हलेना.
पुन्हा.
मग एकदम, हलणारा दुधाचा दात यावा तशी
गोळी आली
आणि तिला बिलगून चिंधी.

निळ्या रेघांचं गादीचं कापड.
काळवंडलेलं, पण रेघा मोजता आल्या. पाच.
कडेला उसवलेल्या शिवणीचे तीन टाके.
असले टाके मला वाचता येतात :
बाई डावखुरी. धागा दुहेरी. घाई नव्हती.

घाई बहुधा दुसऱ्याच कुणाला होती.
गादी फाडली, दारू ओतली, ठासली,
आणि मग?
अस्वल आलंच नाही?
की आलं, आणि तो नुसता बघत राहिला?
की ज्याची वाट पाहत होता तो माणूस
दारात येऊन म्हणाला, भूक लागलीय?
मी ठासून काही सांगत नाही.
कुणीतरी घोडा हलकेच खाली उतरवला
आणि बंदूक आढ्यात सारली, एवढंच.

दारूची ढेप बादलीत कालवून कुंपणाशी ओतली.
सोरा असतो तिच्यात. वसंतात तिथलं गवत
बोटभर उंच आलं,
किंवा मलाच तसं वाटलं.

किसमोर न्यायला आला तेव्हा
काडेपेटीत घालून गोळी दिली.
त्यानं ती तळव्यावर जोखली.
तारेवरून अंगठा फिरवला, आणि चमकेबद्दल काही बोलला नाही.
"एवढंच निघालं?"
"एवढंच," मी म्हणाले.

चिंधी कानशींच्या खणात आहे.
रजईत घालावी म्हणून दोनदा सुई ओवली.

गजावरची पेन्सिलीची रेघ अजून तशीच.
पुसायला हवी.
पुढच्या बंदुकीला घोटाळा होईल.